शिक्का आणि पत

पेशवाईच्या उत्तरार्धातील एखादा चांदीचा रुपया तळहातावर घेऊन पाहिला, तर आजच्या यंत्रघडीव नाण्यांना सरावलेल्या डोळ्यांना तो प्रथम अपुरा वाटतो. त्याचा घेर लहान, जाडी भरपूर, कड ओबडधोबड, वजन सुमारे अकरा ग्रॅम. आणि दोन्ही अंगांवर फार्सी अक्षरांचे तुकडे असे उमटलेले, की वाक्याचा आरंभ कोठे आणि शेवट कोठे हे उमगू नये. याचे कारण टाकसाळीच्या रीतीत आहे. ठसा चकतीहून मोठा असे आणि चकती हाताने ठेवून वरून घणाचा घाव घालीत, त्यामुळे ठशावरचा सगळा मजकूर एका नाण्यावर क्वचितच उतरे. टाकसाळीचे नाव निश्चित करावयाचे, तर अभ्यासकाला एका घराण्यातील अनेक नाणी शेजारी शेजारी मांडून अक्षरे जुळवावी लागतात. अशी अक्षरे जुळवून मराठी मुलखातील ज्या टाकसाळींची नावे नाणेशास्त्राच्या सूचींत स्थिर झाली, त्यांत पुणे, नाशिक, चांदोर, मिरज, बागलकोट अशा मातबर ठिकाणांच्या पंक्तीत पवनाकाठच्या चिंचवडचेही नाव येते.

ज्या पिंपरी-चिंचवड नगरीची ओळख आज हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, टेल्को, बजाज आणि भोसरीचे हजारो लघुउद्योग यांनी घडविली आहे, जी १९७० साली नगरपालिका व १९८२ साली महानगरपालिका झाली आणि जिचा कारखान्यांचा पट्टा इंद्रायणी ओलांडून चाकणपर्यंत पसरला, तिच्या पोटात एकेकाळी रुपया पाडण्याचे काम चालत होते, हे तेथील रहिवाशांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. या विस्मृतीची खंत मला आहेच. परंतु आजच्या जगात जी एक विलक्षण हौस वाढीस लागली आहे तिचा उलगडा करण्यासही ही जुनी टाकसाळ उपयोगी पडते, म्हणून हा लेखप्रपंच. चार एकर जमीन, समुद्रातला एखादा बुरूज किंवा डोंगरावरचे एखादे खेडे यांना कोणी स्वतंत्र राष्ट्र म्हणून घोषित करतो, निशाण उभारतो, पारपत्रे छापतो आणि लवकरच स्वतःची बँक व स्वतःची नाणी काढतो. अशा प्रदेशांना मायक्रोनेशन किंवा सूक्ष्मराष्ट्र म्हणण्याची चाल पडली आहे. नाणे पाडता येते हे त्यांनी सिद्ध केले आहे. ते चालविता येते काय, हा प्रश्न निराळा. आणि त्याचे उत्तर चिंचवडसारख्या ठिकाणच्या इतिहासात अधिक स्पष्ट दिसते.

चिंचवडच्या देवसंस्थानाचा विचार प्रथम केला पाहिजे, कारण राज्याच्या पोटात राज्य असावे तशी त्याची ठेवण होती. संस्थानाचे मूळपुरुष मोरया गोसावी यांच्या समाधीवरचे पवनाकाठचे मंदिर इ. स. १६५८-५९ मध्ये बांधले गेल्याचे तेथील शिलालेख सांगतो. त्यांच्या वंशात सात पिढ्यांपर्यंत गणपतीचा अंश उतरतो अशी श्रद्धा असल्यामुळे या गादीवरच्या पुरुषाला लोक ‘देव’ म्हणत, आणि हा मान इतका सर्वमान्य होता, की औरंगजेबाने देवाची परीक्षा पाहून आठ गावे इनाम दिल्याची आख्यायिका आजही सांगितली जाते. १८०० साली एडवर्ड मूर नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी चिंचवडास येऊन गेला आणि या जिवंत, वंशपरंपरागत देवतेविषयी त्याने लिहिलेला निबंध एशियाटिक रिसर्चेसच्या सातव्या खंडात छापला गेला. १८०९ साली मारिया ग्रॅहॅम या प्रवासी लेखिकेनेही देवांचे दर्शन घेऊन आपल्या रोजनिशीत त्याची नोंद केली. धरणीधर देव हे या परंपरेतील सातवे; ते १८१० साली निवर्तले.

या संस्थानाला गावे होती, वसूल होता, कारभारी होते, दप्तर होते, अन्नछत्र होते. त्याच्या शब्दाला पुण्याच्या दरबारात वजन होते. आजच्या कित्येक सूक्ष्मराष्ट्रांपाशी यांतले एकही नाही. तरीही देवांनी आपण स्वतंत्र राजे आहोत असे कधी म्हटले नाही. प्रत्येक गावामागे कोणा ना कोणा सत्तेची सनद होती, आणि सत्ता पालटली की ती सनद नव्या सत्तेकडून पुन्हा करून घ्यावी लागे. आदिलशाही अमदानीपासून संस्थानाला कोकणातील काही जिन्नस रयतेकडून ठरावीक, स्वस्त दराने घेण्याचा हक्क होता. शिवाजी महाराजांनी तो बंद केला आणि तितका शिधा सरकारी कोठारातून देण्याची व्यवस्था लावली, हे चिंचवडच्या कागदपत्रांवरून इतिहासकारांनी दाखविले आहे. देवस्थानाचा मान राखावा, परंतु त्याचा बोजा रयतेच्या व्यवहारावर पडू नये, हे त्यामागचे धोरण. किंमत कोणी ठरवावी आणि तिची झळ कोणी सोसावी हा राज्यकर्तृत्वाचा गाभा होय. ज्या राजाने १६७४ साली राज्याभिषेकसमयी सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पाडली, त्याला नाण्याचा अधिकार आणि बाजारभावाची जबाबदारी या एकाच सत्तेच्या दोन बाजू आहेत हे पुरते ठाऊक होते; म्हणूनच ती शिवराई त्याच्या मागे दीड-दोन शतके बाजारात चालत राहिली.

पेशवाईतील टाकसाळी बहुधा सरकारी कारखाने नसत. सरकार एखाद्या सोनाराला किंवा सराफाला परवाना देई. त्याने ठरावीक रक्कम सरकारात भरावी, धातूचा कस व वजन नेमून दिल्याप्रमाणे राखावे आणि कसूर झाल्यास दंडास पात्र व्हावे, असा करार असे. व्यापारी आपली चांदी घेऊन टाकसाळीत येई. ती मुशीत वितळवून तिचा कस पाहात, सळया ओतून त्यांचे तुकडे पाडीत, प्रत्येक तुकडा तोलून कमीजास्त करीत, तापवून मऊ करीत, ठोकून चकती करीत आणि अखेर ठशावर ठेवून घाव घालीत. व्यापारी मजुरी व सरकारी हक्क वजा जाता आपले रुपये मोजून घेऊन जाई. अर्थात् टाकसाळ शून्यातून पैसा उत्पन्न करीत नव्हती. दुसऱ्याच्या चांदीला ती साक्ष देत होती. ही साक्ष खोटी ठरू लागली की काय होते, याचा अनुभव धारवाडकडे आला. तेथे जागोजाग खासगी टाकसाळी निघून हिणकस नाणी फैलावली, तेव्हा माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत त्या बंद करून एकच मध्यवर्ती टाकसाळ ठेवण्याचा हुकूम सुटला.

आणि टाकसाळीतून बाहेर पडलेल्या रुपयाचा न्याय तेथेच संपत नसे. प्रत्येक कसब्यात नाणी पारखणारा पोतदार असे, प्रत्येक पेठेत सराफ असे. कोणता रुपया कोणत्या टाकसाळीचा, किती झिजलेला, कितपत निर्मळ हे पाहून सराफ त्यावर बट्टा आकारी. एका मुलखाचा रुपया दुसऱ्या मुलखात गेला की त्याची किंमत आणे-पैशांनी बदले. राजाने काहीही म्हणावे, सराफाचा काटा आपले म्हणणे स्वतंत्रपणे मांडी. आणि सरकारने कोणता रुपया वसुलात घेण्याचे ठरविले आहे, याकडे त्या सराफाचे अखंड लक्ष असे. जो रुपया जमाबंदीत भरता येई, त्याची मागणी दर हंगामात कुणब्याच्या दारापर्यंत पोचे. जो सरकारी खजिन्यात परत जात नसे, तो चांदीचा तुकडा म्हणून उरे.

या रुपयांवरील नावाचा विचार केला म्हणजे मला विशेष नवल वाटते. ज्या मराठ्यांच्या फौजा दिल्लीच्या तख्ताचे रक्षण करीत होत्या, ज्यांच्या संमतीवाचून बादशहाला आपल्याच राजधानीत राहणे अवघड होते, त्यांनी आपल्या रुपयांवर शहा आलमचे नाव राहू दिले आणि स्वतःची खूण म्हणून कोठे एक अंकुश, कोठे एक फूल एवढेच घातले. पुण्याच्या रुपयाला लोक अंकुशी म्हणत ते याच चिन्हावरून. सत्ता हाती असलेल्यांना आपले नाव कोरण्याची घाई नव्हती. लोकांच्या हातांना जे नाव परिचित आहे, ज्यावर दूरच्या पेठेतही विश्वास बसतो, तेच त्यांनी वापरले. आजची सूक्ष्मराष्ट्रे नेमके याच्या उलट वागतात. हाती मुलूख नाही, रयत नाही, खजिना नाही; पण नाण्यावर मुखवटा मात्र स्वतःचा.

इंग्रजी अंमल स्थिर झाल्यावर या विविधतेचा शेवट आला. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकशेऐंशी ग्रेन वजनाचा एकच रुपया चालू झाला आणि त्याच सुमारास पुण्याची टाकसाळही बंद पडली. संस्थानिकांसाठी १८७६ साली निराळा कायदा झाला. आपली टाकसाळ बंद ठेवून सरकारी टाकसाळीतून आपल्या नावाची नाणी पाडून घेण्याची मुभा त्यात होती, आणि तिचा एक कौतुकास्पद नमुना देवासच्या मराठी संस्थानांत दिसतो. माळव्यातील या एकाच गावात पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीची दोन स्वतंत्र राज्ये नांदत होती. १८८८ साली दोघांनीही तांब्याची पाव आण्याची नाणी काढली, दोहोंवर राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा, आणि फरक एवढाच की एकावर थोरल्या पातीची इंग्रजी आद्याक्षरे व दुसऱ्यावर धाकट्या पातीची. आज ही नाणी संग्राहक मोठ्या हौसेने शोधतात. परंतु ती हौसेखातर पाडलेली नव्हती. त्या काळच्या बाजारात त्यांनी भाजीपाला विकत घेतला होता.

संस्थानी मुलखातून दुसरी एक वाटही निघाली, ती पेढीची. सांगलीत १९१६ साली सांगली बँक स्थापन झाली. तेथील संस्थान १९४८ साली विलीन झाले, गादी गेली, दरबार गेला. बँक मात्र २००७ मध्ये आय.सी.आय.सी.आय. बँकेत विलीन होईपर्यंत चालू राहिली. ज्या राज्याच्या छायेत तिचा जन्म झाला त्याच्यामागे ती जवळजवळ साठ वर्षे टिकली, कारण तिचे भांडवल राजचिन्हात नव्हते. ठेवीदाराने आपली पुंजी आणून ठेवावी आणि मागेल तेव्हा ती परत मिळावी, या रोजच्या पाळलेल्या शब्दात होते.

आता या पार्श्वभूमीवर आधुनिक प्रयोग पाहावेत. इंग्लंडच्या पश्चिमेस लंडी नावाचे बेट आहे. त्याचे मालक मार्टिन कोल्स हार्मन यांनी १९२९ साली बर्मिंगहॅमच्या एका खासगी टाकसाळीतून ‘पफिन’ व ‘अर्धा पफिन’ अशी नाणी पाडून आणली. एका बाजूस त्यांचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस त्या बेटावरचा पफिन पक्षी. इंग्लंडच्या न्यायालयाने त्यांना १८७० च्या नाणेकायद्याखाली दोषी ठरवून पाच पौंड दंड केला. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापासून काही मैलांवर दुसऱ्या महायुद्धातील तोफांचा एक समुद्री बुरूज आहे. त्यावर पॅडी रॉय बेट्स यांनी १९६७ साली सीलँड नावाचे राज्य घोषित केले आणि १९७२ मध्ये आपल्या पत्नीचा मुखवटा असलेली दहा डॉलरची चांदीची नाणी काढली. सीलँडचा डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीचा, असे त्या राज्याने जाहीर केले. इटलीतील सेबोर्गा गावाने ‘लुइजिनो’ काढून त्याची किंमत सहा अमेरिकन डॉलर ठरविली. भारतात फौजदारी खटला चालू असताना देशाबाहेर गेलेले नित्यानंद यांनी कैलासा या आपल्या घोषित राष्ट्राच्या ‘रिझर्व्ह बँके’ची आणि सोन्याच्या नाण्यांची घोषणा केली ती २०२० च्या गणेशचतुर्थीस, म्हणजे ज्या दिवशी चिंचवडच्या मंगलमूर्तींचा उत्सव असतो त्याच दिवशी.

या सर्वांची कार्यपद्धती जवळजवळ एकच असते. चित्रकाराकडून आराखडा काढून घ्यावयाचा, दूरदेशीच्या खासगी टाकसाळीकडे थोड्याशा संख्येची मागणी नोंदवावयाची, नाण्यावर एखादी दर्शनी किंमत घालून ती एखाद्या बलाढ्य चलनाशी जोडावयाची, आणि मखमली पेटीत बसवून ते संग्राहकाला धातूच्या किमतीहून पुष्कळ अधिक मोलाने विकावयाचे. धातू, घडणावळ आणि विक्रीचे मोल यांमधील अंतर हेच त्या राज्याचे उत्पन्न. तुवालू किंवा कुक बेटे यांसारखे छोटे देशही संग्राह्य नाण्यांवर महसूल मिळवितात. परंतु त्यांच्यामागे जगाने मान्य केलेले सरकार आहे. सूक्ष्मराष्ट्रांच्या नाण्यांना सूचीकारही बहुधा देशांच्या नाण्यांबरोबर बसवीत नाहीत, त्यांच्यासाठी निराळे पुस्तक करतात.

सर्वांत बोधप्रद कथा ऑस्ट्रेलियातील हट रिव्हरची आहे. गव्हाच्या विक्रीवर सरकारने घातलेल्या मर्यादेने संतप्त झालेल्या लेनर्ड कॅस्ली या शेतकऱ्याने १९७० साली आपले सुमारे पंचाहत्तर चौरस किलोमीटरचे शेत स्वतंत्र घोषित केले. १९७६ पासून तेथील नाणी निघू लागली, निशाण फडकले, प्रवासी येऊन शिक्के मारून घेऊ लागले. या पन्नास वर्षांत ऑस्ट्रेलियन सरकारने फौज पाठविली नाही. कर मात्र मागितला. २०१७ मध्ये न्यायालयाने कॅस्ली यांना सुमारे सत्तावीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरण्याचा हुकूम दिला, आणि २०२० साली त्यांच्या वारसाने राज्य विसर्जित केले, कारण कराची थकबाकी फेडण्यास जमीन विकणे प्राप्त झाले होते. हट रिव्हरची पेटीभर नाणी त्या कर्जात एक छदामही वळती करू शकली नाहीत. चलनाची खरी कसोटी येथे उघडी पडते. ज्याने कर भरता येतो ते चलन. ज्याने भरता येत नाही ती वस्तू, मग ती कितीही देखणी असो.

हे तत्त्व पिंपरी-चिंचवडच्या कामगाराला समजावून सांगण्याची गरज नाही. कारखान्याच्या कँटीनचे कूपन त्याच्या खिशात असते. ते कँटीनच्या खिडकीपाशी जेवणाच्या ताटाएवढे मोलाचे आणि फाटकाबाहेर रिक्षावाल्याच्या लेखी कागदाचा चिटोरा. खिडकी ते परत घेते म्हणूनच त्याला मोल. सरकार म्हणजे अशीच एक अतिविशाल खिडकी, आणि सूक्ष्मराष्ट्रापाशी नेमकी तीच नसते.

घडणीचा प्रश्न असता, तर भोसरीच्या कोणत्याही चांगल्या टूलरूमने तो सोडविला असता. पोलादाच्या ठोकळ्यावर सी.एन.सी. यंत्राने आकृती उलटी कोरावयाची, डाय हार्डनिंगला पाठवावयाची, पत्र्यातून ब्लँक कापून त्यांची बर्र काढावयाची, तापवून मऊ करावयाचे, कॉलरमध्ये ब्लँक बसवून प्रेसचा एक दाब द्यावयाचा. कॉलरने धातू बाहेर पसरू दिला नाही म्हणजे कड गोल व रेखीव उठते, आणि जुन्या चकतीच्या नशिबी जे अर्धवट अक्षर येई ते येथे पूर्ण येते. ठसा किती खोल असावा, दाब किती द्यावा, कोणता नग रिजेक्शनमध्ये टाकावा, हे येथल्या सेटरला नजरेने कळते. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर मांडली जाणारी चांदीची नाणी याच रीतीने घडतात. ती कोणी पैसा म्हणून देत-घेत नाही. ती धातूची, हौसेची आणि श्रद्धेची ठेव असते, आणि तेवढे तिचे मोल पूर्ण खरे असते.

त्यापुढची पायरी मात्र कायद्याची आहे. २०११ च्या नाणेकायद्याप्रमाणे नाणी पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा. मुंबई, कोलकाता, हैदराबाद व नोएडा येथील टाकसाळींबाहेर चलन म्हणून वापरण्यासाठी धातूचा तुकडा कोणी पाडू शकत नाही. सरकारही स्मारक नाणी काढते. १९९९ साली संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे आणि २००२ साली संत तुकारामांचे दोन रुपयांचे नाणे निघाले. आळंदी आणि देहू ही या औद्योगिक पट्ट्याच्या दोन अंगांची तीर्थे. संग्राहकाने ती नाणी डबीत ठेवली, आणि कोणी भाविकाने ती पी.एम.टी.च्या कंडक्टरच्या हातीही दिली. दोघांचेही वागणे योग्यच होते.

बँकेचे काम तर याहून कठीण. १९४९ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बँकिंगचा धंदा करता येत नाही, आणि परवाना मिळाल्यावरही रिझर्व्ह बँकेची नजर हटत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये पिंपरीच्याच सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना अपुऱ्या भांडवलाच्या कारणास्तव रद्द झाला. ठेवीदारांच्या घरी त्या बातमीने काय झाले असेल, हे ज्याने आयुष्यभर पाळी करून पुंजी जमविली त्यालाच कळेल. तरी त्या दुर्धर प्रसंगी पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण होते, अवसायकाची नेमणूक होती, दाद मागायला दार होते. सूक्ष्मराष्ट्राची बँक बुडाली तर ठेवीदाराने कोणाच्या दारात उभे राहावे? त्या बँकेचा अध्यक्ष, तेथला न्यायाधीश आणि तेथला राजा एकच असतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की नाणी गोळा करणाऱ्यांनी सीलँडचा डॉलर आणि हट रिव्हरचे नाणे अवश्य गोळा करावे. मानवी स्वातंत्र्येच्छेची ती चिन्हे आहेत आणि त्यांत कलाकुसरही आहे. परंतु कोणी त्यांत आपली पुंजी गुंतवू नये, आणि अशा राष्ट्राच्या बँकेत, ती कोणत्याही देवतेच्या नावाने उघडलेली असो, एक रुपयाही ठेवू नये. आणि पिंपरी-चिंचवडकरांस माझी आग्रहाची विनंती आहे, की जिच्या टूलरूममधून देशभरच्या वाहनांचे साचे निघतात त्या नगरीने आपल्या जुन्या टाकसाळीचा शोध मनावर घ्यावा. संस्थानाच्या व पेशवे दप्तराच्या कागदांतून तिचे परवाने तपासावेत, संग्राहकांपाशी असलेल्या रुपयांची छायाचित्रे व वजने एका ठिकाणी नोंदवावीत, आणि शाळेतल्या मुलांना तो रुपया दाखवून विचारावे, की यावर दूरच्या बादशहाचे नाव असूनही चिंचवडच्या बाजाराने तो का घेतला. त्या प्रश्नाचे उत्तर ज्या मुलाला देता येईल, त्याला पुढे कोणी चकचकीत शिक्का दाखवून सहजासहजी फसवू शकणार नाही.